सराफ्यातील गुरुपुष्य आणि पावतीवरचे नाव

नाटकाची समीक्षा होते, कादंबरीची होते, गाण्याच्या बैठकीचीही होते. परंतु बाजाराची समीक्षा करावी असे आपल्या टीकाकारांस सहसा वाटत नाही. वास्तविक एखाद्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या मिळून रचलेली जर कोणती कृती असेल, तर ती त्याचा सणासुदीचा बाजार होय. त्याला नेपथ्य आहे, ठरलेली पात्रे आहेत, मुहूर्त आहे आणि प्रत्येकाच्या तोंडी ठरलेली भाषणेही आहेत. कोर्टकचेऱ्यांत आयुष्याची वीस वर्षे घालविलेल्या माझ्यासारख्या माणसाला तर ह्या नाटकाचा शेवटचा अंक फार जवळून पाहावा लागतो. कारण बाजारात जे मोठ्या हौसेने सुरू होते, ते कित्येकदा आमच्या टेबलावर कागदांच्या रूपाने येऊन संपते. म्हणूनच इंदूरच्या सराफ्यात मी जे पाहिले, त्यासंबंधी चार शब्द परखडपणे लिहिण्याचे धाडस करीत आहे.

माझी एक मावसबहीण लग्न होऊन इंदूरला गेली, त्याला आता पुष्कळ वर्षे झाली. तिच्या मुलीचे लग्न मार्गशीर्षात ठरले आणि तिने मला लिहिले, "दिवाळीआधीच्या गुरुपुष्याला सराफ्यात सोने घ्यायचे आहे, तू ये. घरात कोणी वकील असलेला बरा." तिने हे विनोदाने लिहिले होते. मीही विनोदानेच गेलो.

खरेदीसाठी वर्षातून एकदा मोठ्या गावी जाणे ही गोष्ट आपल्याला नवी नाही. आपल्या जत्रा हा देवदर्शनाइतकाच खरेदीचाही दिवस असे. मंगेशीची असो, म्हार्दोळची असो वा शिरगावची, जत्रेहून परतताना खाज्यांची पुडी आणि हातभर काकणे घेतल्यावाचून घरातल्या बायकामुलांचे समाधान होत नसे. आणि ‘पुरुमेंत’ तर गोमंतकीय वाचकास सांगावयास नकोच. पोर्तुगीज ‘प्रोव्हिमेंतु’पासून आलेला हा शब्द पावसाळ्याच्या बेगमीचा आहे. मृग लागण्यापूर्वी मडगाव-म्हापशाच्या फेस्तांच्या निमित्ताने भरणाऱ्या बाजारांत हिंदू आणि ख्रिस्ती दोघेही जात आणि चार महिन्यांच्या मिरच्या, कांदे, सोलां, सुकी मासळी घरी आणीत. ह्या दोन्ही बाजारांत खरेदीचे कारण खरेदीच्या बाहेर होते. एकीचे कारण देव, दुसरीचे कारण पाऊस.

अलीकडच्या काळात मात्र एक वेगळाच प्रकार जन्मास आला आहे, आणि त्यात खरेदी हेच उत्सवाचे दैवत. दुबईत १९९६ सालापासून दरवर्षी हिवाळ्यात खरेदीचा महोत्सव भरतो. तेथे सोन्याच्या सोडती असतात, सवलती असतात, शोभेचे दारूकामही असते. नसते ते फक्त बाहेरचे कारण. देशोदेशींचे लोक विमानाने तेथे जातात ते खरेदी करण्याचा उत्सव करण्यासाठी. त्या मानाने इंदूरचे पुष्य हे मधल्या पायरीवरचे आहे. त्याच्यामागे पंचांग आहे, लक्ष्मी आहे, लग्नसराई आहे. आणि त्याचबरोबर दुकानांचे फलक, वर्तमानपत्रांच्या पानभर जाहिराती आणि घडणावळीवरची सूटही आहे. देव आणि दुकान ह्यांचा तेथे असा काही मेळ बसला आहे की, कोण कोणाच्या अंगणात आले आहे हे ओळखणे कठीण.

पुष्याविषयी थोडे सांगितले पाहिजे. चंद्र सुमारे सत्तावीस दिवसांत नक्षत्रचक्राची फेरी पुरी करतो; तेव्हा पुष्य काही वर्षातून एकदाच येत नाही. परंतु दिवाळीपूर्वीच्या पुष्याला माळव्यात विशेष मान, आणि ते गुरुवारी आले तर विचारावयासच नको. २०२४ साली ते २४ ऑक्टोबरला, गुरुवारीच आले होते. गमतीची गोष्ट अशी की, बाकी सर्व कार्यांस शुभ मानलेले हे नक्षत्र मुहूर्तशास्त्राने विवाहाला मात्र वर्ज्य ठरविले आहे. आणि लग्नाचे सोने घेण्यासाठी लोकांची झुंबड उडते ती ह्याच दिवशी! आमच्या घरी धनत्रयोदशीच्या संध्याकाळी न्हाणीघरातला हंडा चिंचेने घासून लख्ख करायचा, त्याला हळदकुंकू लावायचे आणि पाणी भरून ठेवायचे, एवढाच विधी. धन म्हणजे पाणी, असा त्या विधीचा अर्थ आजी सांगे. इंदूरच्या पुष्याच्या धनाचा अर्थ त्याहून पुष्कळच जड आहे.

मुंबई सेंट्रलहून अवंतिका एक्सप्रेसने रात्रीचा प्रवास करून मी २३ तारखेला सकाळी इंदूरला पोचलो. उज्जैनला आमच्या डब्यात एक कुटुंब चढले. एक वृद्ध बाई, तिचा मुलगा, सून आणि विशीबाविशीचा नातू. पुऱ्यांचा डबा उघडला गेला आणि प्रवासात होतात तशा ओळखी झाल्या. तीही मंडळी सोन्यासाठीच निघाली होती. नातेवाइकांकडे उतरून दुसऱ्या दिवशी मुहूर्तावर सराफ्यात जावयाचे होते. नातवाचे लग्न होते. बाईंनी पदराआडून एक फडके काढून दाखविले. त्यात जुन्या घाटाच्या चार बांगड्या होत्या. माहेरून आलेल्या, असे त्या म्हणाल्या. ह्यांची मोड देऊन येणाऱ्या नातसुनेसाठी नव्या करावयाच्या होत्या. त्यांचा चेहरा प्रसन्न होता आणि त्या प्रसन्नतेत तिळमात्र खोट नव्हती. मी मात्र, सवयीने, त्या बांगड्यांचे दुसऱ्या दिवशी काय होणार ह्याचा हिशेब करू लागलो. त्या मुशीत वितळणार. त्यांचे वजन घट धरून कागदावर येणार. ते नव्या दागिन्याच्या किमतीतून वजा होणार. आणि पावती मुलाच्या नावाने होणार. पन्नास-साठ वर्षे एका बाईची म्हणून सर्वांस ठाऊक असलेली मत्ता एका दुपारीत, कोणीही चोरी न करता, दुसऱ्याची होणार. तिचा माग कोणत्याही न्यायालयास लागणार नाही. इंदूरच्या स्टेशनावर आम्ही वेगळे झालो. त्यांची पावती कोणाच्या नावाने झाली, हे मला अर्थातच कधी कळले नाही.

इंदूर १८१८ च्या मंदसोरच्या तहानंतर होळकरांची राजधानी झाले आणि आजही शहराचे हृदय म्हणजे राजवाड्याचा परिसर होय. १९८४ च्या आगीत वाड्याचा मोठा भाग जळाला, तरी त्याचा सात मजली दर्शनी दरवाजा उभा आहे. त्याच्या अंगाला होळकरांच्या कृष्णाबाईंचे गोपाळ मंदिर, जवळच महालक्ष्मीचे देऊळ, पलीकडे भांड्यांचा बाजार, कापडाचा बाजार, पुस्तकांचा खजुरी बाजार. आणि ह्या सगळ्यांच्या मधोमध, राजाच्या आणि देवांच्या सावलीत, सराफा. बडा सराफा आणि छोटा सराफा. वाडा, देऊळ आणि सराफ ही तीन घरे एकमेकांना लागून असावीत, ह्यात आपल्या जुन्या नगररचनेचे सारे अर्थशास्त्र आले.

ह्या सराफ्याची दोन रूपे आहेत, हे सर्वश्रुत आहे. दिवसा सोन्याचांदीच्या पेढ्या. रात्री आठनंतर पेढ्यांची दारे बंद होऊ लागली की त्याच ओट्यांवर खाद्यपदार्थांची दुकाने मांडली जातात, ती मध्यरात्र उलटेपर्यंत. असे सांगतात की, रात्री रस्त्यावर वर्दळ राहिली तर पेढ्यांची राखण आपोआप होईल, म्हणून सराफांनीच हे ओटे खाणेवाल्यांना मोकळे करून दिले. पोचलो त्याच रात्री भाचीने मला तेथे नेले. भुट्ट्याचा कीस, खोबऱ्याच्या पुरणाची पॅटिस, मुगाची भजी, हवेत उडवून पुन्हा झेललेला दहीवडा, थंडीची चाहूल लागल्याने नुकताच आलेला गराडू, त्यावर जीरावणाची चिमूट. आणि शेवटी हाताच्या पंजाएवढा जलेबा. श्रीमंत गाडीतून उतरून उभा राहतो, हमालही उभा राहतो, आणि दोघेही द्रोण हातात धरूनच खातात. स्वच्छतेबद्दल ह्या शहराने २०१७ पासून सलग कित्येक वर्षे देशात पहिला क्रमांक सांभाळला, तो रात्री सराफा आवरल्यानंतरच्या झाडलोटीतही दिसतो. टीकाकाराने दोष काढावा असे ह्या अंकात काही नाही. येथे जो जे घेतो ते त्याचे त्याच क्षणी होते. त्याच्या मालकीविषयी वाद उत्पन्न होण्यास जागाच उरत नाही!

दिवसाच्या अंकात तशी सोय नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी महालक्ष्मीचे दर्शन घेऊन आम्ही सराफ्यात शिरलो तेव्हा पाऊल ठेवावयास जागा नव्हती. उज्जैन, देवास, धार, खरगोन, पार निमाडापर्यंतची माणसे आली होती. प्रथम गुण सांगतो, कारण ते खरे आहेत. मुहूर्तावर सोने घेणाऱ्या ह्या गर्दीला केवळ अंधश्रद्धाळू म्हणणे हा शहाणपणाचा उथळ प्रकार होईल. ज्या समाजात बायकांच्या हाती पैका राहू दिला जात नव्हता, त्यात अंगावरचे सोने हीच बायकांची पेढी होती. आणि वर्षातला एक दिवस सोने घेण्याला धर्माने बांधून दिल्यामुळे, एरवी जे कधीच झाले नसते ते निदान त्या दिवशी होत होते. आळशी गृहस्थाकडून बचत करवून घेण्याची ही युक्ती कमी नव्हे.

शिवाय गिऱ्हाईक आता पूर्वीइतके भोळे राहिलेले नाही. भावही तसाच आहे. त्या दिवशी दहा ग्रॅम शुद्ध सोने पाऊण लाखाच्या वर होते. बायका भिंग मागून घेऊन हॉलमार्क पाहत होत्या. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षरांकांचा स्वतंत्र क्रमांक असल्यावाचून तो विकता येत नाही. बावीस कॅरटच्या सोन्यावर ९१६ चा आकडा असतो. भाचीने तो क्रमांक फोनवर घालून दागिना खरा असल्याची खात्री करून घेतली. दर विचारला, घडणावळ विचारली, खड्यांचे वजन वेगळे काढले का तेही विचारले. मुहूर्ताची वेळ ताईने घड्याळाच्या काट्यावर पाळली. इतकी दक्षता मी दिवाणी दाव्यातल्या पक्षकारांतही क्वचित पाहिली आहे.

आणि मग मुनीम म्हणाला, "बिल किसके नाम से बनाऊँ?"

"मेरे नाम से," भावोजींनी विचारही न करता उत्तर दिले आणि खिशातून पॅन कार्ड काढले.

तीन तास चाललेल्या चौकशीत हा एकच प्रश्न असा होता की, ज्याच्यावर कोणीही क्षणभर थांबले नाही. मी हळूच म्हटले, "भावोजी, सोने हिचे आहे ना? मग पावती हिच्याच नावाने होऊ द्या. हिला नोकरी आहे, पॅनही आहे."

"पैसा माझ्या खात्यातून जातोय," ते म्हणाले. "उद्या कर खात्याने विचारले तर उत्तर मला द्यायचे आहे. आणि नावाने काय होते? घरचेच तर आहे."

त्यांचे म्हणणे अगदी निराधार नव्हते. २०१६ सालापासून दोन लाखांवरच्या खरेदीस पॅन द्यावे लागू लागले, तेव्हापासून ज्याचा पैसा त्याचे कार्ड आणि ज्याचे कार्ड त्याचे नाव, अशी साखळी दुकानात आपोआप तयार होते. परंतु "घरचेच तर आहे" हे जे वाक्य ते शेवटी बोलले, ते वाक्य मी इतक्यांदा ऐकले आहे, आणि इतक्या निरनिराळ्या आवाजांत ऐकले आहे, की माझ्या समीक्षेचा विषय तेच वाक्य आहे असे म्हटले तरी चालेल. लग्नापूर्वी बाप ते प्रेमाने म्हणतो. लग्नानंतर सासरा ते कौतुकाने म्हणतो. धंद्यात खोट आली की नवरा ते काकुळतीने म्हणतो. आणि घर मोडले की तेच वाक्य लेखी कैफियतीत येते: सोने घरचे होते, वादीचे नव्हते.

आपल्या धर्मशास्त्राने ही गोष्ट इतकी मोघम ठेवली नव्हती, हे देवळाच्या छायेत वाढलेल्या वाचकांस आवर्जून सांगितले पाहिजे. मनूने स्त्रीधनाचे सहा प्रकार सांगितले: अग्नीसमोर मिळालेले, सासरी निघताना मिळालेले, प्रीतीने दिलेले, आणि भाऊ, आई, बाप ह्यांनी दिलेले. विज्ञानेश्वराने मिताक्षरेत त्याची व्याप्ती आणखी वाढविली. कात्यायनाने तर नवरा, मुलगा, बाप, भाऊ ह्यांपैकी कोणासही स्त्रीधन घेण्याचा वा देऊन टाकण्याचा अधिकार नाही असे स्पष्ट म्हटले आहे; आणि दुष्काळ, धर्मकार्य, आजार, बंदिवास अशा संकटातच नवऱ्याने ते वापरले तर परत करण्याची सक्ती नाही, असा याज्ञवल्क्याचा नियम आहे. नव्या कायद्यानेही हेच सांगितले. १९८५ च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रतिभा राणी खटल्यात निर्णय दिला की, स्त्रीधन ही पत्नीची संपूर्ण स्वतःची मत्ता आहे. ते सासरच्यांच्या हाती असले तर ठेव म्हणून असते, आणि ते गिळंकृत करणे हा विश्वासघाताचा गुन्हा होय. २०२४ च्या एप्रिलमध्ये, म्हणजे आमच्या गुरुपुष्याच्या सहाच महिने आधी, त्याच न्यायालयाने केरळातील एका खटल्यात ८९ पवन सोन्याबद्दल पत्नीस २५ लाख रुपये देवविले, आणि स्त्रीधन हे नवराबायकोची सामाईक मालमत्ता नव्हे, असे पुन्हा एकदा बजावले.

तेव्हा धर्म स्पष्ट आहे, कायदाही स्पष्ट आहे. मग अडते कोठे? पुराव्यात. दागिने किती होते, कोणते होते, कोणी दिले होते, हे सांगणारा कागद नसतो. असतो तो लग्नाचा फोटो. आणि फोटोतला हार सोन्याचा की मुलाम्याचा, हे न्यायाधीशास कसे कळावे? माझ्याकडे एकदा एक प्रौढ बाई आल्या होत्या. त्यांनी आपला प्रत्येक दागिना वजनासह तोंडपाठ सांगितला, जणू स्तोत्रच म्हणत होत्या. पावत्या होत्या, परंतु काही वडिलांच्या नावाने, काही सासऱ्यांच्या नावाने, आणि एक नवऱ्याच्या नावाने. त्यांच्या स्वतःच्या नावाचे असे त्या सगळ्या कागदांत एकच होते: लग्नपत्रिका. त्या खटल्यात जे मिळाले ते त्यांच्या स्तोत्राच्या चौथ्या हिश्शाएवढेही नव्हते.

ह्यावर उपाय आहे, आणि तो १९८५ सालीच कायद्याच्या पुस्तकात आला आहे. त्या वर्षीच्या २ ऑक्टोबरपासून अमलात आलेल्या नियमांप्रमाणे लग्नात मिळालेल्या भेटींची लेखी यादी करावयाची असते: वधूला मिळालेल्यांची वधूने, वराला मिळालेल्यांची वराने. वस्तूचे वर्णन, अंदाजी किंमत, देणाऱ्याचे नाव, नाते, आणि खाली दोघांच्याही सह्या. हुंड्याला प्रतिबंध करणाऱ्या कायद्याचाच हा भाग आहे. चाळीस वर्षांत अशी यादी केलेले किती विवाह वाचकांनी पाहिले आहेत, हे त्यांनी स्वतःस विचारावे. मी दोन पाहिले. त्यांतला एक वकिलाच्या घरचा होता.

गोव्यातील वाचक म्हणतील, आमच्याकडे १८६७ चा पोर्तुगीज दिवाणी कायदा आहे. वेगळा करार नसेल तर लग्नानंतर पतिपत्नी सामाईक मालमत्तेचे निम्मेनिम्मे धनी होतात. ही चिंता इंदूरवाल्यांनी करावी. परंतु निम्मे वाटावयाचे म्हणजे आधी सगळे किती हे ठाऊक पाहिजे. आपल्याकडे वाटणीच्या कज्ज्याला ‘इन्व्हेंटरी’ हेच नाव आहे आणि इन्व्हेंटरी म्हणजे यादी. ज्या दागिन्याची नोंद नाही, त्याचे निम्मेही शून्यच.

इंदूरमध्ये बसून हे सगळे आठवावे, ह्यात एक विलक्षण योग आहे. कारण बायकोची मत्ता वेगळी, लेखी आणि सरकारदरबारी नोंदविलेली असावी, ह्याचे मराठेशाहीतले सर्वांत मोठे उदाहरण ह्याच घराण्यात घडले. १७३४ साली बाजीराव पेशव्यांनी मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाई ह्यांच्या नावे खासगी जहागीर करून दिली. तिचे उत्पन्न सालिना सुमारे तीन लक्ष रुपये. दौलत वेगळी, खासगी वेगळी. दौलतीवर सरदाराचा अधिकार, खासगीवर त्याच्या बायकोचा. पुढे ही खासगी अहिल्याबाईंकडे आली. काशी विश्वेश्वराचे देऊळ १७८० साली पुन्हा उभे राहिले. सोमनाथ, गयेचे विष्णुपद, देशभरचे घाट, धर्मशाळा, अन्नछत्रे, ह्या साऱ्या दानधर्माचा आधार ही खासगी होती. १७६७ ते १७९५ अशी अठ्ठावीस वर्षे राज्य करणाऱ्या ह्या बाईंनी दौलतीचा पैसा राज्यासाठी आणि खासगीचा धर्मासाठी, हा भेद पाळला, म्हणूनच त्यांचे दान निर्दोष ठरले. १९६२ साली ह्या धर्मादाय मिळकतींचा न्यास झाला. म्हणजे गौतमाबाईंच्या नावे झालेल्या त्या नोंदीचा धागा सव्वादोनशे वर्षांनंतरही तुटलेला नव्हता. मल्हारराव ‘घरचेच तर आहे’ असे म्हणून स्वस्थ बसले असते तर आज काशीला जाऊन आपण कोणाचे नाव घेतले असते?

ह्याहून जवळचे उदाहरण हवे असेल तर आपल्या देवळाकडे पाहावे. उत्सवाच्या दिवशी देवीच्या अंगावर दागिने चढतात ते वहीत पाहून, आणि उतरतात ते वहीत पाहून. किरीट, प्रभावळ, पुतळ्यांची माळ, नथ. वजन, वर्णन, कोणी कधी अर्पण केली ती नोंद. पेटीला एकाहून अधिक किल्ल्या, आणि त्या वेगवेगळ्या महाजनांच्या हाती. ह्यावरून महाजनांचा एकमेकांवर विश्वास नाही असे कोणी म्हणत नाही. उलट देवीचे द्रव्य आहे, नोंद असलीच पाहिजे, असे आपण मान डोलावून म्हणतो. आणि त्याच घरची मुलगी लक्ष्मी म्हणून उंबरठ्यावरचे माप ओलांडते, तेव्हा तिच्या अंगावरच्या सोन्याची साधी यादी मागणे म्हणजे अपशकुन!

आक्षेप ठाऊक आहेत. पहिला असा की, मंगलकार्यात कज्जेदलालीची भाषा नको. पण यादी ही भांडणाची सुरुवात नसून आठवणीची सोय आहे; ज्या घरात भांडण होत नाही, त्या घरात ती कपाटात पडून राहील, त्याने कोणाचे काय बिघडते? दुसरा आक्षेप असा की, सोने मोडावयाची वेळ येते तेव्हा ती सगळ्या घराच्या गरजेने येते, आणि बायका ते आपणहून देतात. खरे आहे. आपल्या बायकांनी सोने देऊन मुलांची शिक्षणे केली, घरे सोडविली. परंतु दान करावयास वस्तू आधी आपली असावी लागते. जे आपले म्हणून कोठेच लिहिलेले नाही, ते दिल्याचे श्रेय तरी कोण देणार? तिसरा आक्षेप भावोजींचा, कराचा. त्याचे उत्तर मी त्यांना तेथेच दिले: बापाने लेकीला दिलेल्या भेटीवर लेकीला प्राप्तिकर पडत नाही, पावती तुमच्या नावाने राहिली तरी हरकत नाही, फक्त दिल्याचे चार ओळींचे पत्र आणि यादी तेवढी करून ठेवा.

माझा ह्या बाजारावर जो दोष आहे तो एवढाच आणि एवढा मोठा आहे. ह्या उत्सवाने मुहूर्ताला, भावाला, शुद्धतेला, घाटाला आपापले स्थान दिले. दागिन्याला सहा अक्षरांकांचा क्रमांक मिळाला. जिच्यासाठी हा सारा खटाटोप, ती मात्र ह्या नाटकात बोलणारे पात्र नाही. ती दागिना घालून आरशात पाहते, आणि पडदा पडतो.

पावती शेवटी भावोजींच्याच नावाने झाली. मी आग्रह धरला नाही. बहिणीच्या घरचे कार्य होते. पेढीवरून मिठाईची पेटी मिळाली, ती घेऊन आम्ही घरी आलो.

रात्री जेवणे झाल्यावर मात्र भावोजींनी स्वतःच एक कोरी वही आणून माझ्यापुढे ठेवली. "लिहा तुमची ती यादी," ते म्हणाले. भाची एकेक डबी उघडून क्रमांक वाचू लागली आणि मी लिहू लागलो. पाटल्या दोन. तोडे दोन. मोहनमाळ एक. कुड्यांची जोडी. देणार: वडील. खाली त्यांनी सही केली, भाचीने केली. लग्नात मिळेल ते पुढे लिहून जावयाची सही घ्यावयाची, असे ठरले.

ताई इतका वेळ गप्प बसून पाहत होती. ती म्हणाली, "आता पुढच्या पानावर माझीही लिही."

मी पान उलटले. ती सांगू लागली. "आईने दिलेल्या बांगड्या, चार. त्या आहेत. सासूबाईंनी घातलेली एकदाणी, तीही आहे. आणि चंद्रहार..." ती थांबली. तिने भावोजींकडे पाहिले. ते वहीकडे पाहत होते. दोघेही आठवू लागली. घराचा वरचा मजला बांधला त्या वर्षी की सासऱ्यांच्या आजारपणात? मोड दिली होती की गहाण ठेवला होता? पावती कोणाच्या नावाने झाली होती? कोणालाच सांगता येईना.

आमच्या आजीला कोणी नवा दागिना दाखविला की ती प्रथम घाट पाहत नसे, वजनही विचारीत नसे. "भांगर कोणाचें?" एवढेच विचारी. मला तेव्हा तो म्हातारपणाचा चाळा वाटे. वहीच्या त्या पानावर ‘चंद्रहार, एक’ एवढे लिहून मी त्याच्यापुढची जागा कोरी ठेवली आहे. ताईला आठवले की ती कळविणार आहे.